आजारपणाचे खाडे का वाढतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी अशा औद्योगिक पट्ट्यांतले एचआरवाले, सुपरवायझर, युनियनचे पदाधिकारी आणि खुद्द कामगार जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. सरकारी कर्मचाऱ्यांचे रजेचे नियम वेगळे असल्यामुळे ते इथे घेतलेले नाहीत.

१. आजारपणाची गैरहजेरी नेमकी कशाला म्हणायचं? न सांगता मारलेली दांडीही त्यातच धरायची का?

नाही. आजारामुळे काम करता येत नाही म्हणून घरी राहिलेला दिवस, एवढंच त्यात धरा. पण बहुतेक मस्टरवर सगळ्या खाड्यांना एकच लाल ‘ए’ असतो. डेंग्यूने झोपलेला, बहिणीच्या लग्नाला गेलेला आणि प्रेसवर बोट चेपून घेतलेला असे तिघेही एकाच रकान्यात जातात. मग महिन्याच्या मीटिंगमध्ये ‘गैरहजेरी वाढली’ यावर तासभर बोलणं होतं आणि ती कशामुळे वाढली ते कुणालाच सांगता येत नाही. निदान चार खुणा वेगळ्या ठेवा: आजार, कामावरची दुखापत, मंजूर रजा आणि न कळवता झालेला खाडा. दुखापत वेगळी ठेवण्यामागे पैशाचंही कारण आहे, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

२. आमच्याकडे प्रमाण जास्त आहे की कमी, हे कसं काढायचं?

बुडालेल्या दिवसांना एकूण अपेक्षित दिवसांनी भागा आणि शंभरने गुणा. १२० कामगार आणि महिन्यात कामाचे २५ दिवस म्हणजे ३,००० मनुष्यदिवस. त्यात १५० बुडाले तर ५ टक्के.

पण एवढ्या एका आकड्यावर थांबू नका. दोघा कामगारांनी हाड मोडून महिनाभर काढला तरी टक्का वाढतो आणि पन्नास जणांनी एकेक दिवस काढला तरी तेवढाच वाढतो. दोन्हींवरचे उपाय मात्र पूर्ण वेगळे. म्हणून दिवस किती गेले यासोबत खेपा किती झाल्या (सलग गैरहजेरी म्हणजे एक खेप) तेही मोजा, आणि आकडे विभागवार, पाळीवार मांडा. दुसऱ्या कारखान्याच्या टक्क्याशी तुलना करण्यापेक्षा आपल्याच दोन विभागांची तुलना जास्त शिकवते.

३. माणूस आजारी पडतो म्हणून घरी राहतो. त्यात आणखी कारणं कसली शोधायची?

सर्दी-ताप, पाय मुरगळणं, पित्त अशी दुखणी असलेले निम्मे लोक कामावर येतात आणि निम्मे येत नाहीत. दुखणं सारखं असूनही निर्णय वेगळा होतो. स्टीअर्स आणि ऱ्होड्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९७८ मध्ये याची मांडणी केली. हजेरी दोन गोष्टींवर ठरते: येता येतं का, आणि यावंसं वाटतं का. पाय मुरगळला तर टेबलावर बसणारा हिशेबनीस येऊ शकतो, आठ तास उभं राहणारा ऑपरेटर येऊ शकत नाही. शिवाय हिशेबनिसाला ‘दुपारी लवकर जातो’ असं सांगता येतं. ऑपरेटरला एक तर पूर्ण पाळी, नाही तर पूर्ण खाडा.

लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. १९८५ पासून दहा हजारांवर कर्मचाऱ्यांच्या नोंदी त्यात ठेवल्या गेल्या. पुरुषांमध्ये सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांची आजारपणाची गैरहजेरी सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे सहापट निघाली. मालक एकच, शहर एकच, आणि उपचारांची सरकारी सोयही सगळ्यांना सारखी. फरक होता हुद्द्याचा आणि त्यासोबत येणाऱ्या कामाच्या व राहणीमानाच्या परिस्थितीचा.

४. कामातल्या कोणत्या गोष्टींमुळे आजारपण वाढतं?

आधी अंगमेहनत. वजन उचलणं, कमरेत वळून उचलणं, खांद्याच्या वर हात धरून काम करणं, सतत कंप पावणारं यंत्र हातात असणं. एका मशीन शॉपमध्ये कास्टिंगची लोखंडी ट्रॉली जमिनीलगत होती. ट्रॉली भरलेली असेपर्यंत ठीक, पण तळातले तुकडे काढताना ऑपरेटर कमरेतून पूर्ण वाकून, एका हाताने कठड्याला धरून ओढायचा. त्या एका स्टेशनवरचे लोक आळीपाळीने कंबरदुखीच्या रजेवर जात. एचआरने प्रत्येकाची फाइल उघडली होती. ट्रॉलीकडे मात्र कुणी पाहिलं नव्हतं. ती लोखंडी घोडीवर चढवायला वेल्डरला एक दुपार पुरली.

दुसरी गोष्ट म्हणजे पाळी. दर आठवड्याला पाळी बदलली की शरीराला रात्रीची सवय होता होता दिवस येतो. त्यात आपल्याकडे रात्रपाळीवाल्याला दिवसा झोपायला शांत खोली मिळणं अवघड. एका खोलीत पाच जण, खाली दुकान, वर पत्रा. पित्त, अपचन, रक्तदाब, चिडचिड यांतलं बरंचसं झोपेतून येतं. पाळी फिरवायचीच असेल तर पहिली, दुसरी, तिसरी अशी पुढे सरकवा. उलट फिरवली की दोन पाळ्यांच्या मध्ये झोपायला आठ तासही उरत नाहीत.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं की नुसता कामाचा रेटा माणसाला मोडत नाही. रेटा जास्त आणि आपल्या हातात काहीच नाही, हे दोन्ही जुळलं की ताण वाढतो. कन्व्हेयरवर पाणी प्यायला जायचं तरी ‘रिलीव्हर’ची, म्हणजे बदली माणसाची, वाट पाहावी लागते, त्या जागेचा विचार करा. पुढे योहानेस सीग्रिस्ट यांनी यात भर घातली: कष्ट आणि त्याचा मोबदला यांचा मेळ बसत नसेल, तर त्याचाही तब्येतीवर परिणाम होतो. मोबदल्यात पगार आला, तसाच मान आणि नोकरीची शाश्वतीही आली.

५. सुपरवायझरमुळे खरंच एवढा फरक पडतो?

पडतो, आणि तो शोधायला सोपा आहे. सुपरवायझर बदलला तेव्हा त्या लाइनचे आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवा. रजा मागायला गेल्यावर चारचौघांत पाणउतारा होत असेल तर माणूस मागायला जातच नाही, सकाळी फोन करून ‘ताप आहे’ म्हणतो. त्याहून वाईट म्हणजे फोनही करत नाही. माझं मत विचाराल तर सुपरवायझर नेमताना मशीनची माहिती जेवढी तपासतात, तेवढंच बोलणंही तपासावं.

६. आमच्याकडे सोमवारी खाडे जास्त असतात. रविवारची दारू, दुसरं काय?

दारू हे एक कारण असतं, नाही असं कोण म्हणेल. पण सूतगिरणीत किंवा कापसाची धूळ उडते अशा ठिकाणी सोमवारच्या खाड्याकडे डॉक्टरच्या नजरेने बघा. कापसाच्या धुळीमुळे बिसिनोसिस नावाचा फुप्फुसांचा आजार होतो आणि त्याची सुरुवातीची खूण चमत्कारिक आहे. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. आठवडा पुढे सरकतो तसा त्रास कमी होतो. रविवारी बरं वाटतं आणि सोमवारी पुन्हा तेच. पुढे आजार बळावला की त्रास रोजचाच होतो. कारखाने कायदा १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत हा आजार होता, आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या कामगार संहितेच्या यादीतही तो आहे. म्हणजे तो आढळल्यास कारखान्यानेही आणि तपासणाऱ्या डॉक्टरनेही कळवणं बंधनकारक आहे.

कापूस नसलेल्या ठिकाणी सोमवारचं कारण अनेकदा एसटी असतं. शनिवारी गावी गेलेला माणूस सोमवारी पहिल्या पाळीला सातच्या ठोक्याला पोचत नाही. उशीर झाला म्हणून गेटवरून परत पाठवणार असाल तर तो निघतच नाही. अशांना सोमवारी दुसरी पाळी देऊन बघा.

७. जून-जुलैमध्ये आणि गणपतीत अख्खी लाइन एकदम ‘आजारी’ कशी पडते?

यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. पावसाळ्यात आजार खरोखरच वाढतात. मलेरिया, डेंग्यू, गॅस्ट्रो, कावीळ. मुंबई-ठाण्यात तुंबलेल्या पाण्यातून चालल्यामुळे लेप्टो. कँटीनची पाण्याची टाकी मे महिन्यात धुऊन घेणं आणि आवारातले टायर-डबे हलवणं हे हजेरी वाढवण्याचेच उपाय आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे शेतीचं आणि सणांचं वेळापत्रक. पेरणी, भातलावणी, कापूस वेचणी, कोकणातले गणपती, गावची जत्रा. या तारखा कुणाला ठाऊक नसतात? तरी दरवर्षी नेमकी त्याच आठवड्यात रजा नाकारली जाते, आणि नाकारलेली रजा मेडिकल सर्टिफिकेटच्या रूपाने परत येते. चाकरमानी गणपतीला जाणार म्हणजे जाणारच. तर मार्चमध्येच कॅलेंडर भिंतीवर लावा, कोण कधी जाणार ते आपसात ठरवू द्या आणि त्या आठवड्याचं उत्पादन आधी काढून ठेवा. खोटं बोलायची गरजच उरली नाही की आजारपणाचा आकडा खरा दिसायला लागतो.

८. ‘बायकांचे खाडे जास्त, त्यांना घेऊच नका’ असं आमचे साहेब म्हणतात. यात तथ्य आहे का?

अनेक देशांतल्या पाहण्यांत स्त्रियांची आजारपणाची गैरहजेरी पुरुषांपेक्षा काहीशी जास्त दिसते, हे खरं. पण त्यातले किती दिवस तिच्या स्वतःच्या आजाराचे? पोराला ताप आला, सासूबाईंना डायलिसिसला न्यायचंय, पाणी दिवसाआड येतं आणि आज त्याची पाळी आहे. घरातली ही कामं कुणाच्या अंगावर पडतात ते साहेबांनाही ठाऊक आहे. वडिलांच्या दवाखान्यासाठी पुरुषाने रजा घेतली की ‘जबाबदार मुलगा’ आणि बाईने घेतली की ‘खाडा’, हा दुजाभाव आधी काढा.

प्रसूती रजा आजारपणात धरू नका. २६ आठवड्यांचा तो स्वतंत्र हक्क आहे. गर्भपात झाल्यास सहा आठवडे, आणि गरोदरपणातून किंवा बाळंतपणातून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिना मिळतो. मासिक पाळीच्या रजेबद्दलही बरेच जण विचारतात. बिहार सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना ती १९९२ मध्ये दिली. महाराष्ट्रातल्या खासगी कारखान्यांना तसं बंधन नाही, कंपनीने स्वतःहून द्यायला हरकतही नाही. स्वच्छ, कडी लागणारं आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह मात्र द्यायलाच हवं. ते नसल्यामुळे बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग लघवीच्या जंतुसंसर्गाने घरी बसतात.

९. कंत्राटी मुलं कधीच आजारी पडत नाहीत. पर्मनंटचेच सगळे आजार कसे?

कंत्राटी मुलगाही आजारी पडतो, पण कामावर येतो. एक दिवस गेला तर एका दिवसाचा पगार गेला, तीन दिवस गेले तर जागा गेली. तो तापात मशीनवर उभा राहतो, शेजारच्या चौघांना ताप देतो आणि हाताला कापून घेतो. ही आजारी हजेरी कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही. शिवाय जो खरंच खचतो तो दुसऱ्या दिवसापासून दिसतच नाही, ठेकेदार नवा माणूस आणतो. म्हणजे त्याचं आजारपण तुमच्या टक्क्यात न येता ‘सोडून गेले’ या रकान्यात जातं. पर्मनंट कामगारांचं सरासरी वय जास्त असतं हेही लक्षात घ्या. तरुणांच्या खेपा जास्त पण छोट्या असतात, पन्नाशीतल्यांच्या कमी पण लांबलचक.

१०. हजेरी बोनस लावला तर खाडे कमी होतील का?

छोटे खाडे काही काळ कमी होतात. पण ‘महिन्यात एकही खाडा नको’ अशी अट असेल तर तिसऱ्या तारखेला खाडा पडलेल्या माणसाला उरलेले दिवस यायला काय कारण उरलं? बोनस तर गेलाच. मग तो आणखी दोन दिवस काढतो. शिवाय प्रश्न ९ मधली आजारी हजेरी पर्मनंटमध्येही सुरू होते. द्यायचाच असेल तर टप्प्याटप्प्याने द्या, आणि दवाखान्यात भरती झाल्याचे दिवस त्यातून वगळा.

११. ब्रॅडफर्ड गुणांकन वापरावं का?

ब्रिटनमध्ये ते बरंच चालतं. वर्षातल्या खेपांचा वर्ग करून त्याला एकूण दिवसांनी गुणायचं. सलग दहा दिवसांची एक खेप म्हणजे १० गुण, दोन-दोन दिवसांच्या पाच खेपा म्हणजे २५०, आणि एकेक दिवसाच्या दहा खेपा म्हणजे १,०००. तीनही माणसांचे दिवस दहाच. तुटक खाड्यांनी लाइन जास्त विस्कळीत होते हे खरं, म्हणून ही पद्धत निघाली.

पण दमा, मायग्रेन, सिकलसेल यांसारख्या आजारांत खाडे तुटकच पडतात. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांना हे गणित सरळसरळ कामचुकार ठरवतं. गुण वाढले की माणसाशी बोलायला बसायचं, इतपत वापर ठीक. गुण वाढले की आपोआप मेमो, असं करू नका.

१२. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) असेल तर आजारपणात किती पैसे मिळतात?

महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार (अपंगत्व असल्यास २५,०००) यात येतात. वेतनाच्या ०.७५ टक्के कामगाराचे आणि ३.२५ टक्के मालकाचे भरले जातात. आजारलाभ सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. रोज ६०० पडत असेल तर ४२०.

खाचाखोचा अशा. सहा महिन्यांच्या अंशदान काळात ७८ दिवस भरलेले असावे लागतात. पहिले दोन दिवस कोरडे जातात, मात्र आधीचं आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर ते मिळतात. क्षय, कर्करोग अशा ३४ ठरावीक दीर्घ आजारांत सलग दोन वर्षं नोकरी झालेल्याला ८० टक्के दराने, दोन वर्षांपर्यंत वाढीव लाभ मिळतो. कंत्राटी कामगारालाही हे सगळं लागू आहे, आणि ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर मूळ मालकाला भरावे लागतात. पण मधूनमधून ‘ब्रेक’ देऊन ठेवल्यामुळे त्याचे ७८ दिवस भरत नाहीत, हेच खरं दुखणं आहे.

१३. माझा पगार जास्त आहे, ईएसआय नाही. आजारपणाची वेगळी रजा मागता येते का?

कंपनीच्या नियमांत किंवा युनियनच्या करारात असेल तर मागता येते. दुकाने व आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात आजारपणाची स्वतंत्र रजा नाही. वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, आणि कामाच्या २० दिवसांमागे एक याप्रमाणे अर्जित रजा ४५ पर्यंत साठवता येतात. कारखान्यात २० दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते. कारखाने कायद्यात त्यासाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये ही अट १८० दिवसांवर आली आहे.

१४. एका दिवसाच्या तापालाही मेडिकल मागावं का? आणि कामगाराला काय झालंय हे विचारता येतं का?

एका दिवसासाठी मागू नका. नाक्यावर मेडिकल विकत मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे. आणि डॉक्टरकडे गेलाच आहे तर तो ‘तीन दिवस विश्रांती’ लिहून देतो, म्हणजे एकाचे तीन होतात. तिसऱ्या दिवसापासून मागणं पुरेसं आहे. ईएसआयचा लाभ घ्यायचा असेल तर दाखला साधारणतः त्यांच्याच वैद्यकीय अधिकाऱ्याचा लागतो.

एचआरला फक्त तारखा आणि कोणतं काम जमणार नाही एवढं कळलं तरी चालतं. रोगाचं नाव कारखान्याच्या डॉक्टरपाशी राहू द्या. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने माहितीची गोपनीयताही सांगितली आहे आणि नोकरीतल्या भेदभावाला मनाईही केली आहे.

१५. कामावर लागलं, पण कंपनीने ‘आजारी’ म्हणून रजा टाकली. चालतं का?

चालत नाही, आणि नुकसान तुमचंच होतं. ईएसआयमध्ये कामावरच्या दुखापतीला ९० टक्के दराने तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ आहे. दुखापतीमुळे अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद राहिलं की तो मिळतो, त्याला ७८ दिवसांची अट नाही आणि ९१ दिवसांची मर्यादाही नाही. बिसिनोसिससारख्या व्यवसायजन्य आजारांनाही हाच लाभ. कामावर येताजाता झालेला अपघातही, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवता आला तर, २०१० च्या दुरुस्तीपासून यात धरला जातो. अपघाताची नोंद त्याच दिवशी रजिस्टरमध्ये करून घ्या आणि तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

१६. कपातीच्या बातमीनंतर खाडे एकदम कमी झाले. म्हणजे आधी सगळे नाटकच करत होते ना?

घाईने निष्कर्ष काढू नका. भीतीने लोक आजारी असतानाही येतात, हे प्रश्न ९ मध्ये आलंच. फिनलंडमधल्या राइसिओ या गावी १९९० च्या दशकातल्या मंदीत नगरपालिकेने माणसं कमी केली. तिथल्या नोंदी तपासल्यावर दिसलं की जिथे मोठी कपात झाली तिथे उरलेल्यांची दीर्घ आजारपणाची गैरहजेरी, जिथे कपात किरकोळ होती त्या विभागांच्या दुपटीहून जास्त होती. हा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा पुढचं वर्ष-दीड वर्ष लांबलचक खेपांवर लक्ष ठेवा.

१७. आजारी असताना कामावरून काढता येतं का?

ईएसआय कायदा १९४८ च्या कलम ७३ मध्ये आजारलाभ चालू असताना काढायला किंवा शिक्षा करायला मनाई केली होती. लाभ संपल्यानंतरचा भाग नाजूक आहे. सततच्या आजारपणामुळे सेवा संपवणं ही कामगार संहितांआधीच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘कपात’ मानलेली नव्हती, म्हणजे कपातीची भरपाई त्यात आपोआप लागू होत नव्हती. पण म्हणून दोन महिने खाटेवर असलेल्याला घरी पाठवता येईल असा अर्थ नाही. सरकारी आस्थापनांना तर नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने काढता येत नाही, दुसरं योग्य काम द्यावं लागतं. असा कागद हातात पडला तर सही करण्याआधी युनियनला किंवा कामगार वकिलाला दाखवा.

१८. क्षयरोगातून बरा होणारा कामगार परत आलाय, बाकीचे शेजारी उभे राहायला तयार नाहीत. काय करावं?

फुप्फुसांचा साधा, औषधांना दाद देणारा क्षय असेल तर उपचार सहा महिने चालतात, पण संसर्गाचा धोका औषधं नीट सुरू झाल्यावर सहसा काही आठवड्यांतच ओसरतो. परत कधी यायचं ते उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहून द्यावं. आजाराचं नाव बहुधा आधीच फुटलेलं असतं. तेव्हा त्याची परवानगी घेऊन कारखान्याच्या डॉक्टरने लाइनवर येऊन दहा मिनिटं बोलावं. एचआरचा माणूस बोलला तर कुणी विश्वास ठेवत नाही.

पहिले काही आठवडे रात्रपाळी आणि ओव्हरटाइम नको, धुळीची जागा तर मुळीच नको. दगडाची किंवा वाळूची धूळ असेल तर सिलिकामुळे क्षय उलटायचा धोका असतो. कँटीनमध्ये त्याचं ताट वेगळं काढू नका, भांड्यांतून हा आजार पसरत नाही. आणि औषधं आणायला जाण्याचे दिवस खाडे म्हणून लावू नका. ते लावले तर तो औषधं सोडेल, आणि मग लागण खरंच शेजाऱ्यांपर्यंत जाईल.